'कायम' : काळाचा शब्द की स्थितीचा?

इंग्रजीतील 'फॉरएव्हर' या क्रियाविशेषणासाठी आपले विद्यार्थी भाषांतरात 'सदैव', 'निरंतर', 'कायम' यांपैकी हाताशी येईल तो प्रतिशब्द योजतात. हे शब्द समानार्थी आहेत, हे गृहीत मला मान्य नाही. प्रत्येकामागील अनंताची कल्पना निराळी आहे.

'फॉरएव्हर'मधील 'एव्हर'ची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. तथापि जुन्या इंग्रजीतील 'सदा' या अर्थाच्या ज्या शब्दाशी ते सामान्यतः जोडले जाते, त्याचे नाते संस्कृत 'आयुस्'शी आहे. म्हणजे अनंताचे हे माप मुळात आयुष्याचे. आपल्याकडील दानलेख दानाची मुदत चंद्रसूर्यांवर सोपवतात. 'आचंद्रार्क' हा शब्द तोच आशय सांगतो आणि गधेगळांच्या शिरोभागी कोरलेले चंद्रसूर्य तो निरक्षरापर्यंत पोहोचवतात. 'निरंतर' म्हणजे ज्यात अंतर, खंड नाही ते.

'कायम'चे कूळ वेगळे. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'उभा असलेला'. 'मुक्काम' त्याच धातूचा, म्हणजे उभे राहण्याची जागा. एकाच धातूपासून मराठीत एक शब्द टिकण्याचा झाला, दुसरा थांब्याचा. पार्ल्यासारख्या उपनगरात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत असता, अर्जात 'कायमचा पत्ता' लिहिणाऱ्याला हे नाते कोश न उघडताही जाणवावे.

व्याकरणही हेच सुचवते. 'सदैव' अविकारी आहे. 'तो कायमचा गेला', 'ती कायमची गेली' यांत मात्र जाणाऱ्याचे लिंग शब्दाला चिकटते. उलट 'तो कायम उशिरा येतो' यात केवळ पौनःपुन्य आहे. 'नित्य' शब्दाचा असा अर्थ पतंजलीनेही नोंदवला आहे.

तेव्हा 'कायम' हा काळाचा नव्हे, स्थितीचा शब्द आहे. कोणी उभे ठेवील तोवरच ती स्थिती टिकते. बंगालमधील १७९३ चा 'कायमधारा' स्वातंत्र्यानंतर जमीनदारी-निर्मूलनाबरोबर संपला. आपल्या राज्यात 'कायम विनाअनुदानित' शाळांच्या बाबतीत 'कायम' हा शब्द वगळण्याचा निर्णय २००९ साली झाला. त्या एका शब्दासाठी शिक्षकांना आंदोलने करावी लागली आणि शब्द गेल्यावरही अनुदानाची प्रतीक्षा लांबतच राहिली.

'आचंद्रार्क' शासननिर्णयाने वगळता येत नाही, 'कायम' येतो. भाषांतराच्या तासाला प्रतिशब्दांची यादी देण्यापूर्वी हा भेद शिकवला पाहिजे. ज्यांच्या नेमणुकीच्या पत्रात हा शब्द येतो, किंवा येत नाही, त्यांना तो निव्वळ कोशगत वाटणार नाही.