मुलाखतीच्या खोलीतला नकळत पूर्वग्रह

मनात द्वेष नसतानाही नोकरी देणारा एका उमेदवाराला झुकते माप देतो आणि दुसऱ्याकडे संशयाने पाहतो. हा नकळत पूर्वग्रह. कार्यालयांत त्याची चर्चा करायला विरोध होतो तो एका ठरावीक उत्तराने: ‘आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो.’

हे उत्तर प्रामाणिक असेलही, पण ते पुराव्याला टिकत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांना समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढचे बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला ०.६७ पट, तर मुस्लिम नावाला ०.३३ पट होती. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दाखवले, की जात न विचारणारे भरती अधिकारी ‘घरची पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारतात. वडिलांचा व्यवसाय, गाव, घरचे शिक्षण एवढे कळले की जात विचारायची गरजच उरत नाही.

थोरातांच्या प्रयोगात आदिवासी नावे नव्हती. पण हीच पार्श्वभूमी नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या तरुणाला किती महागात पडू शकते, हे समजणे अवघड नाही. सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे हे गाव अनुसूचित क्षेत्रात येते. घरी मावची, शाळेत मराठी, बाजारात गुजराती-हिंदी असा ज्याचा रोजचा व्यवहार, तो गावीत किंवा वसावे आडनावाचा पदवीधर नाशिकला मुलाखतीला बसला, की समोरच्याच्या कानाला फक्त मराठीतला वेगळा हेल जाणवतो. चार भाषा सांभाळणारी बुद्धी जमेस धरली जात नाही; अडखळलेला एक शब्द धरला जातो. याला गुणवत्तेची पारख म्हणणे अन्यायाचे आहे.

‘नकळत घडते, त्यात दोष कोणाचा?’ हा दुसरा आक्षेप. हेतू निर्मळ होता म्हणून गेलेली नोकरी परत मिळत नाही. शिवाय पुरावा समोर आल्यावरही पद्धत तीच ठेवली, तर पुढचा अन्याय नकळत घडला असे म्हणता येत नाही.

मात्र जागृती म्हणजे एका दुपारचे व्याख्यान नव्हे. केल्विन लाय आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तपासलेल्या, पूर्वग्रह कमी करण्याच्या नऊ उपायांचा परिणाम काही तासांत किंवा दिवसांत ओसरला. बदलायची ती पद्धत. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी आसनक्रमांक असतो, यात कोणाला वावगे वाटत नाही. अर्जांची पहिली छाननीही नाव आणि गाव झाकून होऊ शकते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. जिथे मुलाखत हवीच, तिथे सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, गुण चर्चेआधी नोंदवावेत आणि घरची पार्श्वभूमी प्रश्नावलीतून काढून टाकावी.