पत्ते काय सांगतात?

गेल्या महिन्यात बेळगावला पुतणीकडे गेले होते. मेजावर रंगीत चित्रांचे पत्ते पसरलेले. "काकू, नोकरी ठेवावी की सोडावी, ते पाहते आहे," ती किंचित ओशाळून म्हणाली. तिचे बाळ नऊ महिन्यांचे आहे.

मला निपाणीच्या बाजारातला पोपटवाला आठवला. पिंजऱ्याचे दार उघडताच राघू ऐटीत बाहेर येई आणि चोचीने एक पाकीट ओढून काढी. आतल्या देवाच्या चित्रावरून भविष्य सांगितले जाई. माझी आई दर हंगामात चार आणे मोजून एकच प्रश्न विचारी, "यंदा तंबाखूला भाव येईल का?" पाकिटातून नेहमी आशाच निघे, भाव मात्र व्यापारी ठरवील तो.

पुतणीचे पत्ते टॅरोचे, संख्येने ७८. त्यांत प्राचीन मिसर देशाचे गूढ ज्ञान आहे असा समज आहे. वास्तविक ते पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठी निघाले. मिसरची कथा १७८१ साली एका फ्रेंच विद्वानाने त्यांना जोडली. आपल्या आंबोली घाटाखालची सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. १२० पाने, त्यांवर साक्षात विष्णूचे अवतार. तरी आपण तिला खेळच मानत आलो. भविष्य चित्रात नसते. विचारणाऱ्याची काळजीच त्यात उतरते.

आईचाच प्रश्न १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे–बंगळूर महामार्गावर ठाण मांडून विचारला, आणि ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांनाच विचारला. गोळीबारात कित्येकांचे प्राण गेले. योग्य दारी प्रश्न नेणे कधीच स्वस्त नसते. म्हणून तर पत्त्यांना विचारणे सोपे वाटते.

मी पुतणीला म्हटले, "हे घरात कुणाला विचारलेस?"

ती क्षणभर गप्प राहिली. "पत्ते निदान मध्येच तोडत नाहीत, काकू."

ते वाक्य मला लागले. इतके महिने आम्ही सारे बाळाचे वजन विचारत होतो. तिचे कसे चालले आहे, हे मीही विचारले नव्हते. पत्ते आवरून आम्ही दोघी चहा घेऊन बसलो. संध्याकाळी यजमान कचेरीतून आल्यावर तिने तोच प्रश्न त्यांच्यापुढे मांडला. निर्णय अजून व्हायचा आहे.

भगिनींनो, आपल्या घरात कुणाच्या हाती असे पत्ते दिसले, तर हसण्यापूर्वी प्रश्न कोणता आहे, एवढे अवश्य विचारा.