शनिवार गाळू नका



प्रायश्चित्तकाळ सुरू आहे. काही आठवड्यांनी आपण पास्काची मेणबत्ती पेटवू आणि प्रभू उठला आहे असे एकमेकांना सांगू. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. दुःखी माणसाला आपण जे ऐकवतो ती पुष्कळदा ख्रिस्ती आशा नसते. त्याचे रडणे आपल्याला सोसवत नाही, म्हणून काढलेली ती पळवाट असते.

मयताच्या घरी आपण काय म्हणतो? ‘रडू नका, देवाची इच्छा होती.’ ‘विश्वास असेल तर डोळे पुसा.’ धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही असेच शिकवले आहे. तेव्हा दोष आधी आमच्या पदरात घ्या.

१८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या वडोदऱ्यात हरणी तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका यांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि पुष्कळ मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तेव्हाही ‘देवाची इच्छा’ हे शब्द आमच्या कानावर आले. आम्ही विचारतो, लेकरांना जॅकेट न घालणे ही देवाची इच्छा होती काय? माणसांचा हलगर्जीपणा देवाच्या नावावर खपवणे म्हणजे त्याचे नाव व्यर्थ घेणे. दहा आज्ञा पाठ असणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

कोणी म्हणेल, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असे संत पौलच सांगतो. खरे आहे. पण त्याने शोकाला बंदी केलेली नाही, आशाहीन शोकाला केली आहे. लाजरसला आपण उठवणार हे प्रभूला ठाऊक होते, तरी तो त्याच्या कबरेकडे जाताना रडला. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि ख्रिस्तसभेने ते प्रार्थनेतून काढून टाकलेले नाही. शुभ शुक्रवार आणि पुनरुत्थान रविवार यांच्यामध्ये तिने एक अख्खा दिवसही राखून ठेवला आहे. त्या दिवशी वेदी उघडी असते आणि रात्रीच्या जागरणापर्यंत मिस्सा नसते. आपण मात्र शुक्रवारवरून थेट रविवारवर उडी मारतो, आणि शनिवारात अडकलेल्या माणसाला अविश्वासू ठरवतो.

मग आशा कशी असते? पंडिता रमाबाईंचे शेवटचे वर्ष आठवा. छप्पन्नच्या दुष्काळात गुजरातेतल्या निराधार मुलींनाही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा देणाऱ्या त्या रमाबाई. आईवडील, भाऊ, पती यांना त्यांनी आधीच गमावले होते. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक लेक मनोरमाही गेली. त्यानंतरही रमाबाई मराठी बायबलच्या अनुवादाच्या कामाला बसत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता. तो त्यांना दिसला नाही. त्यांचे बायबल प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये. रविवार दिसत नसताना हातातले काम चालू ठेवणे, याला आम्ही आशा म्हणतो.

म्हणून या पवित्र शनिवारी एक करा. ज्या घरातले माणूस या वर्षी गेले, त्या घरी जा. उपदेश आपल्या घरी ठेवा, जेवणाचा डबा बरोबर घ्या. ते रडले तर रडू द्या. गप्प बसले तर आपणही गप्प बसा. रात्री जागरणाला चला असे एकदाच विचारा. आले तर त्यांच्या शेजारी बसा. नाही आले तर त्यांच्या नावाने आपली मेणबत्ती पेटवा.

प्रभू उठला तेव्हाही त्याच्या हातांवरच्या खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या. त्याने त्या झाकल्या नाहीत, थोमाला दाखवल्या. मग आपण आपल्या माणसांच्या जखमा झाकायची घाई का करावी?

आमेन.