खात्यातला पैसा आणि अडलेला बाजार

पावसाळ्याच्या तोंडावर डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील कष्टकरी कुटुंबाच्या साऱ्या वर्षाचा हिशोब दोन-तीन आठवड्यांत मांडला जातो. वीटभट्टीवरून किंवा मच्छीमार बोटीवरून परतलेला माणूस भाताचे बी, खत, छपरावर घालायचा प्लास्टिकचा कागद आणि चार महिन्यांचे मीठ-मिरची याच दिवसांत खरेदी करतो. माल बांधून तयार असावा, गिऱ्हाइकाच्या खात्यात पैसेही असावेत आणि तरीही माल दुकानातच पडून राहावा, हा प्रकार आता नवलाईचा उरलेला नाही. मोबाइलवर ‘व्यवहार नाकारला’ एवढे दोन शब्द उमटतात. शाखेत गेल्यावर खाते ‘होल्ड’वर असल्याचे कळते. कोणी थांबवले, कशासाठी आणि किती दिवस, या तीन प्रश्नांची उत्तरे खिडकीपलीकडच्या कारकुनापाशीही पुष्कळदा नसतात. मग दुकानदार तो माल दुसऱ्याला विकतो किंवा उधारीवर देतो, आणि उधारीची किंमत मालाच्या किमतीत मिळवून घेतो. पेरणी मात्र खाते खुले होण्याची वाट पाहत नाही.

या प्रश्नाला तांत्रिक अडचण म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती कार्यकर्त्यांतही आढळते. ती घातक आहे. श्रमाचा मोबदला ज्याचा, त्याला तो हवा तेव्हा हाती घेता येतो की नाही, हा या भागातील चळवळीचा मूळ प्रश्न होता. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली जमले, तेव्हा वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत मोडण्याचा निर्धार झाला. पुढे त्याच वर्षी गवत कापणीला ५०० पौंडांमागे अडीच रुपये या मागणीसाठी संप झाला, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबारात माणसे बळी पडली. त्या काळी सावकाराच्या चोपडीत काय लिहिले आहे, हे ज्याच्या नावावर लिहिले त्याला वाचता येत नसे. चोपडी सावकाराची, अंगठा वारल्याचा आणि निवाडाही सावकाराचाच, असा तो व्यवहार होता.

बँकेतून मजुरी देण्याची पद्धत आली ती या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखालील कामांवर रोखीने पगार वाटताना हजेरीपटात घोळ होत. खात्यावर थेट पैसे जमा होऊ लागल्याने मधल्या हातांना आळा बसला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. म्हणून बँकेच्या खात्याला विरोध करणे हा यावरचा उपाय नव्हे. चोपडीची जागा खात्याने घेतली. ते खाते आज कोण आणि कोणत्या नियमाने अडवतो, हे त्याच्या धन्याला वाचता येते काय, हा खरा प्रश्न आहे.

खाते अडण्याची कारणे एक नव्हेत, आणि ती वेगळी करून पाहिल्याखेरीज लढताही येत नाही. पहिले कारण ओळखीच्या कागदांचे नूतनीकरण, म्हणजे केवायसी. २८ ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती उघडली गेली. कमी जोखमीच्या खातेदाराची माहिती दर दहा वर्षांनी तपासावी असा नियम असल्याने, २०२४ पासून ही मुदत लक्षावधी खात्यांवर एकदमच येऊन आदळली. या संदर्भात रिझर्व्ह बँकेने १२ जून २०२५ रोजी केलेली दुरुस्ती प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असली पाहिजे. कमी जोखमीच्या खातेदाराची मुदत उलटली तरी सर्व व्यवहार चालू ठेवावेत. मुदत उलटल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांपैकी जे नंतर येईल तोवर नूतनीकरण करून घ्यावे, असा तिचा आशय आहे. मुदतीपूर्वी किमान तीन सूचना आणि मुदतीनंतर किमान तीन स्मरणपत्रे द्यावीत, प्रत्येक वेळी त्यांतील एक तरी टपालाच्या पत्राने असावे, असेही बंधन आहे. माहितीत बदल नसेल, किंवा केवळ पत्ता बदलला असेल, तर गावातल्या बँक मित्रापाशी दिलेले स्वयंघोषणापत्र पुरते. एवढे असूनही पत्र न येता ज्याचे खाते थांबते, त्याच्यावर दया करायची नसून त्याला त्याचा हक्क मिळवून द्यायचा आहे.

दुसरे कारण ‘छोट्या खात्या’चे. पुरेशा कागदपत्रांशिवाय उघडलेल्या अशा खात्यात ५०,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही, वर्षात एक लाखाहून अधिक जमा होत नाही आणि महिन्याला १०,००० रुपयांहून अधिक काढता येत नाहीत. हंगामाअखेर भट्टीचा हिशोब एकरकमी जमा झाला, तर नेमक्या पेरणीच्या महिन्यात दहा हजारांपलीकडचा स्वतःचा पैसा परका होतो. अधिकृत ओळखपत्र देऊन हे खाते साध्या बचत खात्यात बदलून घेता येते. ते जूनमध्ये नव्हे, त्याआधीच बदलून घेतले पाहिजे.

तिसरे कारण दोन वर्षांत व्यवहार नसल्याचे. याही बाबतीत १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सरकारी योजनांच्या लाभार्थींची खाती एवढ्याच कारणावरून निष्क्रिय ठरवता येत नाहीत, आणि निष्क्रिय खाते पुन्हा चालू करण्यास शुल्क घेता येत नाही. चौथे कारण अधिक फसवे. आधारवर आधारित सरकारी रक्कम सर्वांत शेवटी आधारशी जोडलेल्या बँकेत जाते. बाई तलासरीच्या शाखेत पासबुक घेऊन उभी असते आणि पैसा तिला आठवतही नसलेल्या दुसऱ्याच खात्यात पडलेला असतो. २०१७ साली एअरटेल पेमेंट्स बँकेच्या प्रकरणात ग्राहकांना पुरेशी कल्पना न देता उघडलेल्या खात्यांत गॅसचे अनुदान वळले होते, आणि आधार प्राधिकरणाला तिची पडताळणीची परवानगी स्थगित करावी लागली होती. आपला आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, हे साध्या मोबाइलवरूनही *९९*९९*१# फिरवून पाहता येते.

पाचवे कारण पोलिसी आदेशाचे, आणि ते सर्वांत कठोर. महामार्गावर चारोटीपाशी चिकू विकणाऱ्याला कोणीतरी कोड स्कॅन करून दोनशे रुपये देतो. तो पैसा कुठल्या तरी फसवणुकीच्या साखळीतून आलेला निघाला, तर परराज्यातील पोलिसांच्या सूचनेवरून विक्रेत्याचे संबंध खाते गोठू शकते. सायबर फसवणूक खरी आहे, तिने गरिबांनाही लुबाडले आहे आणि पहिल्या काही तासांत पैसा अडवल्यावाचून तो परत मिळत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संशय दोनशे रुपयांचा असताना अडवणूक दोनशेचीच असावी. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, पोलिसांनी नमूद केलेल्या रकमेपुरतेच निर्बंध ठेवावेत, असे बँकांना बजावले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला तत्काळ द्यावी लागते. ती दिली आहे काय, हा प्रश्न चिकूवाल्यातर्फे कोणीतरी विचारला पाहिजे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदाराला प्रारंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर ५०,००० रुपयांची मर्यादा आली, तेव्हा तिच्या आधारावर चालणारी फोनपेची सेवाही बंद पडली आणि शहरातले गिऱ्हाईक दुकानात माल हातात धरून उभे राहिले. मुंबईतील ठेवीदार रस्त्यावर आले, त्यांचा आक्रोश वृत्तपत्रांत गाजला. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याचे कायद्याने ठरले. हे योग्यच झाले. पण सारी बँक बंद पडली तर कायदा नव्वद दिवस मोजतो आणि एका मजुराचे खाते बंद पडले तर दिवस कोणी मोजत नाही, या विषमतेचा अर्थ कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. फरक रकमेचा आहे त्याहून अधिक संघटित आवाजाचा आहे.

हा आवाज गावातूनच उभा राहू शकतो. खाते थांबल्याचे कळताच शाखेकडे कारण लेखी मागावे, अर्जाची पोच घ्यावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. टपालाने पाठवायची तर ती चंदीगडच्या केंद्राकडे जाते. तलासरीच्या मजुराने एकट्याने चंदीगडला दाद मागावी, ही अपेक्षा हास्यास्पद वाटेल. म्हणूनच तो अर्ज लिहिणे हे शाखांचे काम ठरते. दिवाळीनंतर माणसे भट्ट्यांवर निघण्यापूर्वी पाड्यापाड्यावर पासबुके तपासण्याचे शिबिर घेतले, तर पेरणीच्या वेळची निम्मी धावपळ वाचेल. शाखेत एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, हे विसरता कामा नये.

याच्या जोडीला मागण्याही स्पष्ट हव्यात. खाते अडवण्याची नोटीस मराठीत आणि कारणासह मिळावी. वादग्रस्त रकमेपलीकडचा पैसा खुला राहावा. निर्णयाची मुदत ठरलेली असावी आणि ती चुकल्यास भरपाई मिळावी. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने १५ दिवसांत मजुरी न मिळाल्यास विलंबाची भरपाई मान्य केली होती. पैसा देण्यास उशीर झाला तर भरपाई, आणि दिलेला पैसा अडवून ठेवला तर काहीच नाही, हे कोणत्या न्यायाला धरून आहे?

१९४५ साली वारल्यांनी सावकाराच्या चोपडीवरचा विश्वास काढून घेतला, तो चोपडी वाचता येऊ लागली म्हणून नव्हे. एकत्र येऊन हिशोब विचारण्याचे धैर्य आले म्हणून. आजच्या खात्याचे नियम छापलेले आहेत, त्यांतले पुष्कळसे कष्टकऱ्याच्या बाजूचेही आहेत. ते पाड्यावर वाचून दाखवणारा आणि खिडकीपाशी सोबत उभा राहणारा माणूस तेवढा हवा आहे.