टेकडीवर खड्डे घेण्याआधी

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका, यांस,


पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणासाठी सगळ्यांची नजर टेकड्यांकडे वळते, कारण तिथे जागा रिकामी दिसते. ती रिकामी नाही, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

वेताळ टेकडीचा माथा उन्हाळ्यात उघडाबोडका वाटतो. पण मुरमावरच्या वीतभर मातीत तिथलं गवत पिढ्यान्‌पिढ्या तगून आहे. पहिल्या सरींनंतर त्यात रानफुलं उगवतात, चंडोल आणि टिटव्या जमिनीवरच घरटी करतात. पावसाचं पाणी हे गवत अडवतं. ते काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरतं आणि पायथ्याच्या विहिरींना, बोअरना मिळतं. अशा माथ्यावर खड्डे घेऊन, टँकरने पाणी घालून दाट झाडी उभी केली, तर नांदतं रान मोडेल. हे आपण पाहिलंही आहे. मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प झटपट वाढतं म्हणून टेकड्यांवर लावलं गेलं. आज त्याच्या दाटीखाली गवत तग धरत नाही.

झाडं जरूर लावावीत, पण घळींत, उतारावर माती साठते तिथे, आणि इथलीच: सालई, मोई, धावडा, गणेर, पांगारा. त्यांतली बरीच सावकाश वाढतात. म्हणून त्यांचं यश रोपांच्या आकड्यावर मोजू नये. पाच पावसाळ्यांनंतर किती जगली, ते जाहीर करावं. सावलीची खरी निकड तर पेठांत आणि वस्त्यांत आहे.

1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. तिच्यात झाडं मोजली जातात; गवताळ माळ, झरे, जुन्या खाणींतली तळी यांची नोंद कुठे होते? येत्या गणनेबरोबर प्रत्येक टेकडीचा असा नकाशा तयार करून घ्या. वनस्पती सर्वेक्षण विभागाचं केंद्र आणि आघारकर संस्था पुण्यातच आहेत, त्यांना बोलवा. वेताळ टेकडीचा काही भाग वनखात्याचा आहे, म्हणून त्यांनाही त्याच बैठकीत बसवा. याच टेकडीवरून प्रस्तावित असलेल्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विचार व्हायचाच असेल, तर तो हा नकाशा समोर ठेवून व्हावा. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. तिथल्या खासगी जमिनींच्या मोबदल्याचा प्रश्नही आता रेंगाळू देऊ नका.

सुरुवात वेताळ टेकडीपासून करावी आणि नकाशा हाती येईपर्यंत तिच्या माथ्यावर यंदा एकही खड्डा घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक पुणेकर