इम्प्लांट कशाचा, यापेक्षा कुठे आणि कसा

दात काढलेल्या जागी इम्प्लांट बसवायचे ठरले की आजकाल पहिला प्रश्न ‘कशाचा बसवणार?’ हा असतो. दवाखान्यांच्या जाहिरातींनीच तो रुग्णांच्या तोंडी घातला आहे. एकीकडे टायटॅनियम, दुसरीकडे ‘मेटल-फ्री’ म्हणून मिरवणारा पांढरा झिर्कोनिया, आणि आता ‘हाडासारखाच लवचीक’ म्हणून पुढे केले जाणारे पीक हे पॉलिमर. सौंदर्य, हिरड्यांचे आरोग्य किंवा किंमत या मुद्द्यांवर निवड करायला कोणाची हरकत नाही. पण जबड्याच्या हाडावर येणारा ताण हा निकष लावला, तर या वादाला मिळणारे महत्त्व अवाजवी आहे. हाडाचे भवितव्य इम्प्लांटच्या पदार्थापेक्षा त्याची जाडी, त्याचा कल, त्यावरच्या कॅपची उंची आणि खालच्या हाडाची प्रत यांवर कितीतरी अधिक ठरते.

नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा तंतूंचा पातळ थर असतो. चावताना दात त्यात किंचित दबतो आणि जोर मुळाच्या संपूर्ण लांबीवर वाटला जातो. इम्प्लांटला ही सोय नाही. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांच्या हाडावर प्रयोग करताना आढळले, की टायटॅनियमला हाड घट्ट धरून बसते. 1965मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. ही पकड हेच या उपचाराचे यश आहे आणि त्याची यांत्रिक अडचणही तीच. मध्ये गादी नसल्याने आडवा जोर आला की तो हाडाच्या वरच्या कडेला, इम्प्लांटच्या मानेभोवती एकवटतो.

आता पदार्थांचे आकडे पाहू. ताठरता मोजण्याचे एकक गिगापास्कल. जबड्याच्या बाहेरच्या टणक हाडाची ताठरता साधारण 15च्या आसपास, आतल्या जाळीदार हाडाची बऱ्याचदा 1च्याही आत. टायटॅनियमची सुमारे 110, झिर्कोनियाची 200हून जास्त, तर शुद्ध पीकची जेमतेम 3 ते 4. झिर्कोनिया टायटॅनियमच्या जवळपास दुप्पट ताठर, म्हणजे हाडावर ताणही दुप्पट, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. हाडाच्या तुलनेत टायटॅनियम आधीच सातपट ताठर आहे. चावण्याच्या जोराने तो जवळजवळ वाकतच नाही. जे मुळात वाकत नाही ते आणखी ताठर केले तरी हाडाला फरक फारसा जाणवत नाही. संगणकावर जबड्याची प्रतिकृती उभारून केलेल्या अभ्यासांतही या दोन पदार्थांमुळे हाडातल्या ताणात पडणारा फरक सहसा थोडाच दिसतो.

यावर अस्थिरोगतज्ज्ञांकडून एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. खुब्याच्या सांध्यात ताठर धातूचा लांब दांडा बसवला की भार दांडाच वाहतो, वरच्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागते. मग जबड्यातही हाडाच्या जवळ जाणारा, लवचीक पदार्थच बरा नाही का? हाडाला काम हवेच, हे खरे. अमेरिकेच्या हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी 1987मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभाच हा, की अगदी कमी ताण आणि अति ताण, दोन्हींनी हाड घटते. पण जबड्यातला इम्प्लांट हा दहा-बारा मिलिमीटरचा आटे पाडलेला स्क्रू असतो, आणि ज्या कडेच्या हाडाची काळजी करायची तिथे ताण कमी नव्हे, जास्तच असतो. जमिनीत रोवलेली पहार वरून ढकलली तर खालपर्यंतची माती तिला अडवते. तिथेच ओली फोक रोवली तर ती जमिनीलगतच वाकते आणि वरचीच माती उकरली जाते. पीकचे तसेच होते. 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासात कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या पीकच्या इम्प्लांटभोवतीही, मानेजवळ, टायटॅनियमपेक्षा जास्त ताण आढळला.

याउलट साधी भूमिती काय करते ते पाहा. इम्प्लांट भरीव दांडा मानला, तर वाकवणाऱ्या जोरापुढे न मोडता टिकण्याची त्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास 3.3वरून 4.1 मिलिमीटर केला की ती जवळजवळ दुप्पट होते. हाडाला टेकणारा पृष्ठभागही वाढतो. हाड झिजल्यामुळे कॅप 10ऐवजी 15 मिलिमीटर उंच करावी लागली, तर आडव्या जोराची तरफ दीडपट होते. दोन इम्प्लांटांच्या पुढे अधांतरी दात लोंबकळत ठेवला तर हिशेब आणखी बिघडतो. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात तर हाडच मऊ असते. कोणत्याही पदार्थाच्या निवडीने ही तूट भरून निघत नाही.

संगणकातले हाड एकजिनसी आणि इम्प्लांटला शंभर टक्के चिकटलेले धरले जाते, प्रत्यक्षात तसे नसते, अशी टीका होते. ती रास्त आहे. म्हणून या अभ्यासांतले सुटे आकडे शिरोधार्य मानू नयेत; पण एकाच प्रतिकृतीत दोन पदार्थांची तुलना करायला हे अभ्यास पुरेसे उपयोगी आहेत. शिवाय हाड फक्त ताणानेच झिजते असेही नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अति जोराने इम्प्लांट सुटल्याचेही दिसले आहे, आणि हिरड्या निरोगी असताना काहीच न बिघडल्याचेही. जंतुसंसर्ग, तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे मोठे शत्रू आहेत. मशेरीची सवय असलेल्या घरांत हा मुद्दा धातूच्या चर्चेआधी यायला हवा.

पदार्थाला किंमतच नाही, असे मात्र नव्हे. ती आडवळणाने येते. टायटॅनियममध्ये झिर्कोनियम हा धातू मिसळलेला मिश्रधातू शुद्ध टायटॅनियमपेक्षा बळकट असतो, त्यामुळे अरुंद हाडात बारीक इम्प्लांट मोडण्याची भीती कमी होते. झिर्कोनिया ठिसूळ आहे, आणि त्याचे अनेक इम्प्लांट एकसंध येतात. अशा एकसंध इम्प्लांटचा हाडात कल चुकला तर वरचा जोडभाग बदलून तो सुधारता येत नाही. तिथे पदार्थामुळे जोराची दिशाच बिघडू शकते. पातळ हिरडीतून टायटॅनियमची करडी छटा दिसते, म्हणून पुढच्या दातासाठी झिर्कोनिया मागणाऱ्याचे म्हणणे मान्यच आहे. दाढेसाठी मात्र खुर्चीवर बसण्याआधी विचारायचे ते असे: सीबीसीटी (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे) स्कॅनमध्ये हाडाची रुंदी किती आली, इम्प्लांटचा व्यास किती घेणार, कॅप किती उंच होईल, आणि रात्री दात खाण्याची सवय असेल तर गार्ड देणार का.