आधी ओळख, मग औषध

मुलांनो,

मागच्या हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. हो, बाईंच्या हातूनही चुका होतात बरं का!

आमच्या शाळेच्या कुंपणावर मुलांनी वालाचे वेल चढवले होते. शेंगा आल्या की खिचडीबरोबर वालाची उसळ करायची, असं ठरलं होतं. डिसेंबरात दोन-तीन दिवस आभाळ भरून आलं आणि बघता बघता कोवळे शेंडे नि कळ्या काळ्या ठिपक्यांनी भरून गेल्या. हा मावा. मोहरीहूनही लहान कीड. पण सोंड खुपसून झाडाचा रस पिते आणि पानं आकसून जातात.

त्याच पानांवर आणखी एक प्राणी फिरत होता. काळपट, लांबट, सहा पायांचा, पाठीवर नारिंगी ठिपके. अगदी सुसरीचं चिमुकलं पिल्लू! मी म्हटलं, "हीच ती दुष्ट अळी. वेचा आणि पाण्यात टाका." मुलांनी अर्ध्या तासात डबा भरला.

चौथीतल्या एका मुलीनं मात्र दोन अळ्या बाटलीत ठेवल्या, माव्याच्या फांदीसकट. दुसऱ्या दिवशी ती धावत आली, "बाई, बाई, ही तर मावा खातेय!" काही दिवसांनी अळ्या काचेला चिकटल्या, त्यांचे कोष झाले आणि त्यातून निघाले लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे! आपणच आपले शिपाई बुडवले होते. तोवर वेलांवरचा मावा दुप्पट झाला होता.

हे शिपाई साधेसुधे नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या खवले किडीनं संपत आल्या होत्या. तेव्हा १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून एका जातीचे ढालकिडे आणून सोडले. दोन वर्षांच्या आत त्या बागा सावरल्या.

मग आम्ही काय केलं? फार किडलेले शेंडे खुडून टाकले. बाकीच्या वेलांवर पानांच्या खालून पाण्याची जोरदार धार मारली. मावा धुऊन गेला की सहसा परत वर चढत नाही. वेलावरची मुंग्यांची रांगही तोडली. माव्याच्या अंगातून गोड, चिकट रस निघतो. त्याच्या लोभानं मुंग्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकून लावतात!

तरीही कीड उरली, तेव्हा निंबोळीचा अर्क केला. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम पूड एक लीटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवायचा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनं फवारायचा. हे काम घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊनच करा आणि नंतर हात स्वच्छ धुवा. जिथे ढालकिड्याच्या अळ्या दिसतील, ते शेंडे मात्र सोडून द्या. झुरळं-डास मारायचं औषध भाजीवर कधीही मारू नका. ती भाजी आपल्याच पोटात जायची असते.

आणखी एक गंमत. झाड आजारी दिसलं म्हणजे त्यावर कीडच असते असं नाही. भोपळ्याच्या पानावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, ती भुरी. ती एक बुरशी आहे. तशी पानं काढून टाका, वेलाला ऊन-वारा मिळू द्या. तुळशीची खालची पानं पिवळी पडली, तर आधी कुंडीत बोट घालून पाहा. माती सारखी चिखलासारखी ओली असेल, तर औषध नको, पाणी कमी करा!

येत्या रविवारी एवढंच करा. एका झाडाजवळ दहा मिनिटं बसा. पानं उलटून पाहा. भिंग असेल तर छानच. जो किडा दिसेल त्याचं चित्र वहीत काढा. तो काय खातोय, पान की दुसरा किडा, हे शोधा. ते कळेपर्यंत त्याला मारू नका.

आमच्या शेंगा त्या वर्षी कमीच आल्या. उसळ प्रत्येकाच्या वाट्याला एकेक चमचा आली. पण बाटलीतून सोडलेले ते दोन ढालकिडे वेलावर चढले, तेव्हा सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी!

तुमच्या लाडक्या बाई